गारा पडल्या तेव्हा घरात कोण होतं

गारा पडून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाईनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर चुना भिजवला.

शहाण्या माणसानं आधी पोराला फोन केला असता. गावात त्या दिवशी जो तो फोनच करत होता. कुणी तलाठ्याला, कुणी जावयाला, कुणी उगाच ओळखीच्या पुढाऱ्याला. कांताबाईच्या स्वयंपाकघरावरचे सिमेंटचे पत्रे फुटून आभाळ उघडं पडलं होतं. मधल्या खोलीच्या जुन्या टिनाला भोकं पडून भिंतींवर पाण्याचे ओघळ आले होते. आणि ही बाई मोरीत बसून बादलीत चुना ढवळत होती. तिला वेड लागलेलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि भ्यालेलं माणूस हाताला लागेल ते काम करतं.

भीती गारांची नव्हती. गारा आल्या आणि गेल्या. भीती होती धम्मपालची, तिच्या एकुलत्या एका पोराची.

म्हणजे धम्मपाल काही वाईट नव्हता. वाईट असता तर एक वेळ परवडलं असतं, वाईट पोराशी भांडता तरी येतं. हा परतूरला शाळेत मास्तर, बायको सुमेधा तिथंच दवाखान्यात नर्स, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, आणि दोघांचा एकच धोशा: आई, इकडं चल. कांताबाईनं तिथं राहूनही बघितलं होतं. सकाळी सगळी आपापल्या कामाला गेली की आतून कडी लावायची, आणि बेल वाजली तरी आधी दारातल्या भिंगातून बघायचं. खायला काही कमी नव्हतं, बोलायला माणूस नव्हतं. एका दुपारी ती खाली उतरून समोरच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या बायांशी बोलत बसली, तर शेजारणीनं संध्याकाळी सुमेधाला विचारलं, "तुमच्या सासूबाई कामाला जातात का?" सुमेधा हसून मोकळी झाली. कांताबाईला मात्र ते फार लागलं, आणि महिना कसाबसा भरताच ती मंठ्याची गाडी धरून गावाकडं आली.

गावात तिचं असं काय होतं? नंदाबाई होती, भिंतीला भिंत लावून. एक शेळी होती. संध्याकाळी विहारात बाया वंदनेला जमायच्या, आणि पुढं बसून गाथा म्हणायला कांताबाईच लागायची. आणि घर होतं. पुढची खोली स्लॅबची, मागच्या दोन पत्र्याच्या, "स्लॅब पुढं बघू" असं म्हणून तशाच राहिलेल्या. घरासाठी धम्मपालनं बँकेचं कर्ज काढलं, भिंती मिस्त्रीनं उचलल्या, पण त्या भिंतींना पाणी मारलं ते कांताबाईनं. नवरा पुंजाराम नुकताच वारलेला, उन्हाळा रणरणता, आणि ही पहाटे उठून हापशावरून पाणी आणून विटांवर ओतायची. मिस्त्री म्हणाला होता, "बाई, इतकं पाणी पीत न्हाईत भिंती." ती म्हणाली होती, "पितात. तुम्ही बघा तर खरं."

मागच्या पावसाळ्यात ती अंगणात घसरली आणि पायाला प्लास्टर चढलं. ते निघालं त्या दिवशी धम्मपालनं तिच्याकडून शब्द घेतला. "ह्या बारीला राहू देतो आई. पण पुन्हा काही झालं, काही बी, तर मंग मी तुझं ऐकणार न्हाई. कबूल?" पाय सुटल्याच्या आनंदात ती कबूल म्हणून बसली होती.

आणि आता झालं होतं. नुसतं घराला झालं असतं तर गोष्ट वेगळी. गारा सुरू झाल्या तेव्हा ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. आधी कुणी खडे मारावेत तसा पत्र्यावर आवाज झाला, मग आवाज वेगवेगळे ऐकू येईनात, आणि डोक्यावरचा पत्रा तडकून त्याचा एक तुकडा तिच्या डाव्या हातावर आला. भाकरी तव्यावर टाकून ती मधल्या खोलीत पळाली आणि पलंगाखाली शिरली. तिथं गुडघे पोटाशी घेऊन, मोबाईल छातीशी धरून ती पडून राहिली, आणि ज्या गाथा ती विहारात बायांना सांगायची त्यातली एकही तिला आठवेना.

एवढं जर धम्मपालला कळलं असतं, तर कांताबाईचं बोचकं त्याच दिवशी बांधलं गेलं असतं. म्हणून चुना.

नऊच्या सुमाराला त्याचाच फोन आला.

"आई, गारा झाल्या म्हणे तिकडं."

"झाल्या थोड्या."

"घराला काही?"

"एखादा पत्रा तडकला असंल. बाकी बराबर हाये."

"तू कुठं होतीस?"

"नंदाबाईकडं. दुपारपासूनच तिच्याकडं शेवया करून राह्यलो होतो आम्ही."

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस जास्तीचं बोलतं. तिनं शेवयांचं पीठ कसं सैल झालं होतं तेही सांगितलं. पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला.

"हे बघ आई," तो म्हणाला, "घराचा विमा हाये. बँकेनं कर्जाबरोबर काढायला लावलेला. मी आजच कळवतो, मंग कंपनीचा माणूस येऊन बघंल. तू कशाला बिलकुल हात लावू नको. फुटलंय तसं फुटलेलं राहू दे. नंदामावशीच्या फोनवरून फोटो पाठव. जितकं वाईट दिसंल तितकं चांगलं."

कांताबाईनं फोन ठेवला तेव्हा मधल्या खोलीची एक भिंत पांढरीशुभ्र झाली होती आणि चुन्याचा कुंचा तिच्या हातात होता.

तिनं नंदाबाईला हाक मारली आणि सगळं सांगितलं. नंदाबाई नीट ऐकून घेणारी बाई, पण ऐकून झाल्यावर विचारल्याशिवाय राहणारी नव्हे.

"म्हंजे तुम्हाला विमा नको?"

"विमा पाहिजे. पण धम्माला हे दिसायला नको."

"अन् विम्याच्या माणसाला?"

"त्याला दिसलं तर धम्माला दिसंलच ना."

"मंग विमा काय आंधळ्यानं द्यायचा?"

तिला पत्रेही नवे हवे होते आणि जुने फुटल्याचं कळायलाही नको होतं. हसू येण्यासारखीच गोष्ट आहे, पण स्वतःचंच घर सुटायची वेळ येते तेव्हा डोकं असंच चालतं. आधी पोराची नजर चुकवू, पत्र्याचं मग बघू, असं तिनं ठरवलं.

नशिबानं चैत्र होता. बाबासाहेबांची जयंती तोंडावर आलेली, सगळ्या वस्तीत रंगाचे डबे निघालेले, दारोदार कुणी शिडीवर तर कुणी स्टुलावर. अशा दिवसांत एखाद्या घराला चुना लागला तर त्यात नवल ते काय? दोघींनी मिळून ओघळ झाकले. सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे टोपलीत भरून विहाराकडं जाणाऱ्या बोळात टाकले. तिथं ट्रॅक्टरच्या चाकांनी खड्डे पडून चिखल झाला होता, जाणारे-येणारे उलट खूशच झाले. मग कांताबाईनं ट्रंकेतली जुनी लुगडी काढली, काठाला काठ शिवून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत स्वयंपाकघराच्या वर छत बांधलं. उन्हाच्या दिवसांत पत्र्याखाली लोक असं छत बांधतातच. खालून बघणाऱ्याला हिरवं लुगडं दिसावं, त्याच्यावरचं आभाळ दिसू नये.

राहिले फोटो. नंदाबाईनं ते मन लावून काढले. स्लॅबची खोली, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि त्यापुढं पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, डावा हात पदराखाली घातलेली कांताबाई. धम्मपालचा लगेच फोन आला.

"आई, हे काय जयंतीचे फोटो पाठवले का?"

"तूच म्हणला ना घराचे पाठव."

"फुटलेलं कुठंय?"

"सांगितलं की. लई काही फुटलं न्हाई."

"बरं," तो म्हणाला. "माणूस आला की मी त्याच्यासंगं येतो."

तो येईपर्यंतचे दिवस कांताबाईनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. रोज चार वाजले की मंठ्याच्या बाजूनं ढग यायचे, आणि ती ओट्यावर बसून त्यांच्याकडं बघत राहायची. एक सर आली असती तर छतात पाणी साठून सगळं खाली आलं असतं. स्वयंपाकघराला वरून वाऱ्याची धूळ येई, म्हणून गॅसची शेगडी आणि भांडी तिनं पुसून फडक्याखाली झाकून ठेवली आणि नंदाबाईकडं स्वयंपाक करू लागली. शेळीही तिकडंच बांधली. पलंगावर टिनातून माती पडायची, तोही उभा करून भिंतीला टेकवला, अंथरूण ट्रंकेत गेलं. झोपायला नंदाबाईची ओसरी. हात काळानिळा होऊन टरारला होता. त्याला हळद लावून चिंधी बांधली आणि कुणी विचारलं तर तव्यानं पोळलं म्हणायचं ठरवून टाकलं. रोज ती धम्मपाल काय विचारेल आणि आपण काय सांगू याची मनात उजळणी करायची, आणि रोज एखादा नवा प्रश्न निघायचा ज्याचं उत्तर तयार नसायचं.

रविवारी सकाळी धम्मपाल आला. त्याच्या मागोमाग मोटारसायकलवर विमा कंपनीचा सर्व्हेअर. राधेश्याम त्याचं नाव, जालन्याचा, पन्नाशीकडं झुकलेला, उन्हानं रापलेला. गारा झाल्यापासून तो गावोगाव फिरत होता आणि बरंच काही बघून कंटाळला होता. एका गावात एकानं म्हणे हातोड्यानं स्वतःची कौलं फोडून ठेवली होती.

"तव्यानं पोळलं," धम्मपालनं विचारायच्या आधीच कांताबाई म्हणाली.

त्यानं हाताकडं बघितलं. "दाखव."

"आता बांधलंय ते कशाला सोडतो. साहेबाला पाणी दे आधी."

राधेश्यामनं पाणी घेतलं, टेप काढली आणि घरभर हिंडला. पुढची खोली बघितली, मधली बघितली, चुन्याच्या भिंतीला बोट लावून ते पांढरं झालेलं बोट स्वतःच बघत बसला. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यानं छताकडं एकदा आणि झाकलेल्या शेगडीकडं एकदा बघितलं. कांताबाई त्याच्या मागं दोन हातांवर उभी होती. त्यानं वर काठी लावली असती तर सगळं संपलं असतं. पण त्यानं काठी लावली नाही. तो शिडीवरून बाहेरच्या बाजूनं चढला, काठावरूनच टिनाचे फोटो काढले; उतारापलीकडची सिमेंटची बाजू तिथून दिसत नव्हती, आणि तिकडं तो फिरकला नाही. तिकडं वजन पडलं की पत्रा मोडतो, असं म्हणत खाली उतरला.

"मास्तर, टिनाला मार हाये, पण टिन जुनं हाये," तो म्हणाला. "मागचा सिमेंटचा पत्रा तडकला म्हणून तुम्ही कळवलं. तुकडे कुठंयत?"

धम्मपालनं आईकडं बघितलं.

"फेकले," कांताबाई म्हणाली.

"कुठं?"

"असंच. कचऱ्यात."

राधेश्यामनं मान हलवली आणि खुर्चीवर बसून कागद काढला. "गारा पडल्या तेव्हा घरात कोण होतं?"

"कोणी न्हाई," धम्मपाल म्हणाला. "आई शेजारी होती, बरं झालं."

"एरवी कोण राहतं?"

"आईच राहते."

राधेश्यामनं पेन खाली ठेवलं. आवाज त्यानं चढवला नाही, उलट उतरवला. "राग मानू नका मास्तर. मला रोज हेच बघावं लागतं. पॉलिसीत लिहिलंय, महिनाभराहून जास्त बंद राहिलेल्या घराचं नुकसान मिळत न्हाई. तुमचा पत्ता परतूरचा. गॅस झाकलेला, भांडी झाकलेली, पलंग उभा केलेला, अंथरूण न्हाई. भिंतीला कालपरवाचा चुना. गारांच्या टायमाला घरात माणूस न्हाई, फुटलेला तुकडा न्हाई. मला तर हे बंद घर दिसून राह्यलं. विम्यासाठी उघडलंत, चुना मारला. मी तसंच लिहिणार. खोटं कसं लिहू?"

धम्मपाल रागावला नाही. तो आईजवळ येऊन हळूच म्हणाला, "जाऊ दे आई. न्हाई तर न्हाई. ह्या घरामागं आता किती लागायचं? मला शाळेत बी तुझीच काळजी लागून राहते. कुलूप लावू, अन् तू चल माझ्यासंगं. आजच चल."

इतक्या मायेनं तो बोलला की कांताबाईला हुंदका आला. म्हणजे लपवलं तरी कुलूप आणि दाखवलं तरी कुलूप. इतके दिवस जीव टांगणीला लावून, लुगड्याला लुगडं जोडून, तिनं स्वतःच्याच हातानं स्वतःला या घरातून पुसून काढलं होतं. शेळी हलवली तिनं, शेगडी झाकली तिनं, मी इथं नव्हते म्हणून सांगितलं तेही तिनंच. आणि तो परका माणूस समोर बसून लिहीत होता की या घरात कुणी राहत नाही. भीती तिला होतीच. पण त्या कागदानं तिला जो संताप आला तो भीतीहून मोठा निघाला.

"काय लिहून राह्यले साहेब?" तिनं विचारलं.

"बंद घर."

"बंद घर? मंग मी कोण हाये?"

राधेश्यामनं वर बघितलं. कांताबाई स्वयंपाकघरात गेली होती. खिळ्याला बांधलेली सुतळी तिनं उजव्या हातानं ओढली, आणि आठवडाभराची धूळ, वाळका पाला आणि पत्र्याच्या कपच्या घेऊन सगळी लुगडी खाली आली. दहा-अकराचं ऊन सरळ फरशीवर पडलं. वर पत्र्यांच्या दातेरी कडा आणि मधोमध मोकळं आभाळ. धम्मपाल दारात आला आणि तिथंच थांबला.

"मी इथं भाकरी थापून राह्यले होते," कांताबाई म्हणाली. ती सर्व्हेअरशी बोलत होती, पोराकडं बघत नव्हती. "हितं. हा पत्रा वरून आला, तो हातावर." तिनं दातानं गाठ सोडून चिंधी काढली. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळाजांभळा होता आणि मध्ये जखमेवर खपली धरली होती. "तव्यानं न्हाई पोळलं. मंग मी त्या पलंगाखाली शिरले. तो मी नंतर उभा केला, माती पडते म्हणून. गॅस झाकला तो बी धूळ पडते म्हणून. घर बंद न्हाई साहेब. सात वर्सं झाली, मी एकटी राह्यते इथं. ह्या भिंती इचारा."

"मंग तुकडे?" राधेश्यामनं विचारलं. आता त्याचा आवाज सर्व्हेअरचा राहिला नव्हता.

"चला."

ती खुरपं घेऊन पुढं निघाली. बोळातल्या चिखलाचं आता वाळून ढेकूळ झालं होतं. तिनं बसून एकेक तुकडा उकरून काढला, आणि धम्मपालनं खुरपं मागितलं तेव्हा दिलं नाही. नंदाबाई आवाज ऐकून बाहेर आली. राधेश्यामनं तिलाही विचारलं, ही बाई त्या दिवशी तुमच्याकडं होती का. नंदाबाईनं कांताबाईकडं बघितलं, आणि नाइलाजानं खरं सांगितलं.

"न्हाई साहेब. गारा थांबल्यावर मी धावत गेले तर ही पलंगाखालून निघंना. हात धरून वढली मी तिला. शेवया-बिवया काही न्हाई केल्या आम्ही."

राधेश्यामनं सगळ्याचे फोटो काढले. तुकडे मांडून काढले, फुटलेल्या कडा जवळून काढल्या, कांताबाईला तिथं उभी करून हातासकट काढला. या वेळी तिनं पदर घेतला नाही आणि लुगडंही मातीनं भरलेलं होतं. नंदाबाईच्या फोटोंपेक्षा हा बरा आला असणार. मग घरात जाऊन त्यानं आधीचा कागद फाडला आणि दुसरा लिहायला घेतला.

"पास करणं माझ्या हातात न्हाई, मावशी," जाताना तो म्हणाला. "पण जे बघितलं ते लिहिलंय. ताडपत्री टाकून घ्या जल्दी, आभाळ आलंय." मोटारसायकलचा आवाज बोळाच्या तोंडाशी जाऊन विरला.

नंदाबाई शहाणी, ती तिच्या घरात गेली. मायलेक दोघंच उरले.

धम्मपाल स्वयंपाकघरात फरशीवर बसला होता, खाली पडलेल्या लुगड्यांच्या शेजारी. कांताबाई दारात उभी राहिली. आता तो उठेल, बॅग कुठंय म्हणेल, आणि आपण काढून देऊ, असं तिनं मनाशी धरलंच होतं. गेले कित्येक दिवस ज्याची धास्ती घेतली ते अखेर समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि तिच्यात पळायचं बळ उरलं नव्हतं.

"फोन कुठं होता तुझा?" त्यानं विचारलं.

"हातात."

"पलंगाखाली?"

"हां. तुझं नाव बी काढलं होतं त्याच्यावर."

"मंग लावला कामून न्हाई?"

तिला काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. रेंज नव्हती म्हणता आलं असतं. पण खोटं बोलून बोलून ती दमली होती.

"लावला असता तर तू आला असतास."

"आलोच असतो. चालू शाळेतून आलो असतो."

"तेच तर. आला असतास, अन् मला घेऊन गेला असतास."

बोलून गेल्यावर तिला कळलं की हे बोलायला नको होतं. धम्मपालचा चेहरा लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला. चाळिशीचा माणूस, शाळेत पोरं त्याला भितात, आणि तो तोंड फिरवून भिंतीकडं बघायला लागला. वरून गारा पडत होत्या, हातातून रक्त येत होतं, आणि आईनं त्याला हाक मारली नव्हती, तो येईल म्हणून. कांताबाईला जन्मात कधी वाटली नव्हती इतकी स्वतःची लाज वाटली.

"मी शब्द दिलाय धम्मा," ती घाईघाईनं म्हणाली. "मोडणार न्हाई. तू म्हणशील तवा निघते. शेळी नंदाबाईला देते, तिचं काय. सुमेधाला फोन कर, म्हणावं आई येऊन राह्यली."

ती ट्रंकेकडं वळली तेव्हा त्यानं तिच्या लुगड्याचा काठ धरला.

"बस इथं."

ती बसली. दोघांच्या मधे उन्हाचा चौकोन होता आणि त्यात धूळ तरंगत होती.

"आई, पुढच्या बारीला काही झालं, काही बी झालं, तर मला फोन लाव," तो म्हणाला. त्याला एकेक शब्द शोधावा लागत होता. "मी येईन. नेणार न्हाई. नुसता येईन."

कांताबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. गारांत ती रडली नव्हती, हात फाटला तेव्हा रडली नव्हती. आता मात्र ती पदर तोंडाला लावून, आवाज न आवरता रडली, आणि तो नुसता तिच्याशेजारी बसून राहिला. चल म्हणाला नाही.

बऱ्याच वेळानं डोळे पुसून तिनं विचारलं, "खरंच न्हाई ना नेणार?"

"न्हाई."

"मंग येत जा," ती म्हणाली.